ठोक्यांच्या मधलं बोलणं

अण्णा,

कॅमेरा मिळाला. विकत नाही, उसना. आपल्या पेठेत लग्नांचं शूटिंग करणारे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे तुमच्या कॅसेटच्या मापाचा एक जुना कॅमेरा अडगळीत पडून होता. टीव्हीला जोडायच्या वायरींसकट दिला त्यांनी. सहाच्या आत परत आणा म्हणाले, उद्या वाघोलीला मुंज आहे, नवा ऐन वेळी रुसला तर हा लागेल.

आता तो टीव्हीसमोर स्टुलावर आहे. शेजारी तुमची कॅसेट आहे. आई आत पोळ्या करतेय. पोळ्या झाल्या की ती हात पुसत येऊन बसेल आणि म्हणेल, लाव. तुम्ही जाऊन एकोणीस दिवस झाले, आणि तेराव्याचं जेवण उरकल्यापासून ती रोज एवढंच म्हणतेय. मी रोज काहीतरी सांगून टाळत होते. कॅमेरा मिळत नाही, वायर मिळत नाही, मोर्चा आहे, पत्रक छापायचंय. आज कारणं संपली.

त्या कॅसेटवर माझं एक वाक्य आहे. आपण कॅमेरा बघत फिरलो त्यातल्या तिसऱ्या दुकानातलं. ते तुम्ही ऐकलंत की नाही, हे मला तुम्ही होतात तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळलेलं नाही. कॅसेट लावली की कळेल. मला ते कळायला हवंय आणि मला ते कळायला नकोय, आणि पोळ्या संपत आल्यात. म्हणून घाईत लिहितेय.

आमच्या कामगार संघटनेच्या अंकात तुमच्यावर लिहून दे, असं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. जन्म कधीचा, शिक्षण किती, तुम्ही घडवलेल्या घंगाळाला कुठल्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. मी म्हटलं, ते सगळं आत्याने पेपरात चौकट देऊन छापलंय, फोटोसकट. फोटोत तुम्ही टोपी घातलीय. ती टोपी तुम्ही जन्मात फक्त त्या फोटोपुरती घातली होतीत. त्या टोपीतल्या माणसाशी माझं काही बोलणं नाही. माझं तुमच्याशी भांडण अर्धवट राहिलंय, तेच पुढे चालवते. वाचणाऱ्यांनी शेजारच्या खोलीतून ऐकावं तसं ऐकावं.

त्यांना एवढंच सांगायला हवं की तुम्ही तांबट होतात. कसब्यातल्या आपल्या गल्लीत खाली कारखाना, म्हणजे एक खोली. वर आपण राहायचो. तांब्याचं भांडं घडवून झालं की त्यावर हातोडीने ओळीने, एकाला एक लागून, हजारो ठोके द्यायचे. याला मठारणं म्हणतात. त्याने तांबं कडक होतं आणि अंगावर ती चकाकत्या ठिपक्यांची वीण उठते. हजारो ठोके म्हणजे सकाळी आठपासून दिवे लागेपर्यंत ठण, ठण, ठण. आणि त्यातच आपलं घर बोलायचं.

कसं? ठोक्यांच्या मधल्या जागेत. तुमचा हात वर जाऊन खाली यायचा, तेवढ्या वेळात जितके शब्द मावतील तितके बोलायचे, ठोक्याला थांबायचं, उरलेले पुढच्या जागेत. पोस्टमन, ठण, येऊन गेला, ठण, पत्र ठेवलंय. शाळेत जाईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं की बाकीची माणसं सलग बोलतात.

दुसरा नियम आईने केला. जे बोलल्याशिवाय राहवत नाही पण ऐकू जायला नको, ते ठोक्याखाली म्हणायचं. आजी होती तोवर आईने निम्मा संसार ठोक्याखाली बोलून काढला. ओठ हलताना दिसायचे, ठण, संपलं. आणि ठोक्याखालचं धरायचं नाही. ते बोललंच गेलेलं नाही असं समजायचं. मीही त्यातच वाढले. तुम्हाला काय काय म्हटलंय मी ठोक्याखाली, ते न बोललेलंच बरं.

तर तिसऱ्या दुकानातलं माझं वाक्य ठोक्याखाली पडलं की मधल्या जागेत? मला आठवत नाही. रागात होते. कुठल्या साहेबाने कुठल्या बैठकीत काय कबूल केलं ते मला तोंडपाठ असतं, समोर उभी राहून ऐकवते मी त्यांना. आणि माझं स्वतःचं एक वाक्य कुठे पडलं ते आठवत नाही.

घरात आता ठोका नाही. तरी आई थांबून बोलते. ‘भाजीला’ म्हणते, थांबते, ठोका पडायला लागतो तेवढीच, आणि मग ‘मीठ कमी आहे’. त्या थांबण्यात काहीही पडत नाही. शेजारच्या कारखान्यांतून ठोके येतात, पण ते दुसऱ्यांचे. त्यांची लय वेगळी, ते आमच्या वाक्यांत कुठेही पडतात, शब्दाच्या मधोमधसुद्धा. मीही तेच करते. परवा मार्केट यार्डात कांदा निवडणाऱ्या बायकांसमोर बोलत होते आणि दर चार शब्दांनी थांबत होते. एक मावशी नंतर म्हणाली, ‘ताई, लई ठासून बोलता तुमी.’ ठासून कसलं. तुमची वाट बघत होते.

कॅमेऱ्याचं खूळ तुमच्या डोक्यात शिरलं ते आत्याकडे. आत्याच्या मुलाने हिंजवडीच्या कंपनीत लागल्यावर पहिल्या बोनसमध्ये कॅमेरा घेतला आणि महाबळेश्वरची दीड तासाची कॅसेट आपल्याला बसवून दाखवली. मी अर्ध्या तासात कंटाळले. तुम्ही शेवटपर्यंत बघितलीत. घरी परतल्यावर आपल्या जिन्यात म्हणालात, ‘सगळे नुसते हात हलवतायत. चाललेत कुठे सगळे?’ तेव्हा मला हसू फुटलं होतं. आता ते वाक्य जिन्यात उतरताना रोज ऐकू येतं, आणि त्याच पायरीवर.

आठवड्याने जेवताना तुम्ही जाहीर केलंत की आपणही कॅमेरा घ्यायचा. स्वस्तातला, घरचं शूटिंग करायला. पण कुणी हात हलवायचे नाहीत. खालचा कारखाना घ्यायचा. तुमचा हात, ठोका, आणि मधलं आपलं बोलणं. आई म्हणाली, माझं ठोक्याखालचं तेवढं घेऊ नका म्हणजे झालं. तुम्ही हसलात आणि आणखी एक पोळी घेतलीत.

मग तुम्ही ती चूक केलीत जी फक्त तुम्हीच करू शकला असतात. आधी कॅसेट विकत घेतलीत. तुमचं म्हणणं, भांडं घ्यायला जाताना माणसाने आपलं पाणी घेऊन जावं, दुकानदाराच्या पाण्यावर भरवसा ठेवू नये. स्वस्तातले बरेच कॅमेरे एकाच मापाची छोटी कॅसेट घेतात असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा प्रत्येक दुकानात आपल्याच कॅसेटवर घ्यायचं, घरी येऊन निवांत ऐकायचं, तुलना करायची. घरी ती आपल्या व्हीसीआरमध्ये बसेना. पिंपात काडेपेटी टाकल्यासारखी दिसत होती. कॅमेरा असल्याशिवाय कॅसेट ऐकता येत नव्हती, आणि कॅसेट ऐकल्याशिवाय तुम्ही कॅमेरा घेणार नव्हतात.

पहिलं दुकान लक्ष्मी रस्त्यावरचं, काचेचं, गार. आज न्या, पुढच्या वर्षी फेडा, असे फलक. बाजार खुला झाला म्हणतात तो हा, माणसाला आधी वस्तू चिकटवायची आणि मग त्याच्या पगाराला हात घालायचा. असं काहीतरी मी दारातच बोलायला लागले, तर तुम्ही म्हणालात, आत जाऊन बोल, बाहेर ऊन आहे. आत टाय लावलेला विक्रेता तुम्हाला झूम दाखवायला लागला. सिंहगडावरून शनिवारवाडा दिसेल असा झूम. ‘मी कुठे जात नाही हो,’ तुम्ही म्हणालात, ‘तिथेच बसलेला असतो.’ आणि पिशवीतून हातोडी काढलीत, ठोकायचं लहान लोखंड काढलंत, अर्धा मठारलेला तांब्या काढलात, त्यांच्या चकचकीत फरशीवर पोतं अंथरून मांडी घातलीत. विक्रेत्याने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. पाचव्या ठोक्याला वरच्या मजल्यावरून मॅनेजर खाली आला.

नंतर टीव्हीवर लावून दाखवलं त्यांनी. चित्र सुरेख होतं. तुम्ही चित्र बघितलंच नाहीत. उजवा कान लावून बसलात. डावा गेला त्याला वीस वर्षं झाली होती. आणि म्हणालात, याला ठोक्यानंतरचं ऐकू येत नाही. खरं होतं. ठण झालं की पुढचं सगळं दबलेलं, बोलणारा माणूस गोधडीत शिरल्यासारखा. हळूहळू आवाज वर यायचा, तोवर पुढचा ठोका. ज्या जागेत आपलं घर बोलतं, नेमकी तीच जागा कॅमेरा खात होता.

कारण कळलं ते बुधवारातल्या दुसऱ्या दुकानात. तिथल्या म्हाताऱ्या शेठनी समजावून सांगितलं की मशीन आवाज आपोआप सांभाळतं. मोठा आवाज आला की कान मिटून घेतं, शांत झालं की सावकाश उघडतं. स्वस्तातले सगळे असेच. आवाज हाताने कमीजास्त करायची सोय महागड्यात, लग्नवाल्यांच्या कॅमेऱ्यात. तुम्ही म्हणालात, ‘म्हणजे यालाही कानठळ्या बसतात. मग हा कशाला, मी फुकट आहे.’ शेठ म्हणाले, लांब ठेवा. तुम्ही म्हणालात, लांब ठेवला तर हात दिसत नाही. शेठ म्हणाले, मग जरा हळू ठोका. त्यावर तुम्ही त्यांच्याकडे असं बघितलंत की ते पान लावायला लागले. त्यांच्याकडे बाहेरून आलेला एक बिनपावतीचा कॅमेरा होता, बराच स्वस्त. मी म्हटलं, बिलाशिवाय काही घ्यायचं नाही. तुम्ही म्हणालात, पत्रक काढ.

घरी येऊन कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवायचात. दुकान, वजन, आवाज. किंमत लिहिलेली नाही. किंमत शेवटी विचारायची, आधी कळली की कान लबाड होतात, असं तुम्ही म्हणायचात. मला हे तुमचं फार आवडायचं आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते. माझं सगळं लिहिणं तुमच्या हाताखाली झालंय. प्रत्येक पत्रक छपाईला जायच्या आधी तुम्ही खाली बसून वाचायचात आणि पेन्सिलीने विशेषणं उडवायचात. एकाच जागी दोनदा ठोका दिला की भांडं चिरतं, म्हणायचात. यार्डातल्या बायकांच्या नोंदणीचं पत्रक मी दोन पानी लिहिलं होतं. तुम्ही एवढंच ठेवलंत: ‘हात चालतात, मग नाव का चालत नाही?’ त्या एका ओळीवर आम्ही वर्षभर लढतोय. गेटवर, भिंतीवर, बायकांच्या तोंडात तीच ओळ आहे. ती माझी नाही, तुमची आहे. हे संघटनेत कुणाला माहीत नव्हतं. आता झालं.

आणि म्हणूनच मला राग येतो. अजून येतो, तुम्ही नाही म्हणून तो कमी झालेला नाही. दहा वर्षांची असताना मी तुमची लहान हातोडी उचलली होती. तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत. रागावून नाही, हसून. ‘हे आपलं काम नाही, विजू,’ म्हणालात आणि आईला वर हाक मारून मला लाडू द्यायला लावलंत. ओरडून काढून घेतली असतीत तर मी भांडले असते. हसून काढून घेतलेली वस्तू परत कशी मागायची ते मला कुणी शिकवलं नाही. आपल्या कारखान्यात बाईमाणसाने भांडी घासायची, चिंच लावायची, उन्हात मांडायची, गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं. हातोडी नाही. हा नियम कुणी केला, कुठे लिहिलाय, कुणी सही केली, असं मी जगातल्या प्रत्येक नियमाला विचारत फिरले. ह्याला नाही विचारलं.

तिसरं दुकान कर्वे रस्त्यावरचं. छोटं, स्वच्छ. मालक शांत माणूस. तुम्ही पोतं अंथरलंत तर ते म्हणाले, थांबा, गाद्या आहेत माझ्याकडे, आणि खरंच एक गादी आणून दिली. कॅमेरा तीन पायांवर लावून तुमच्या समोर ठेवला, तुमचा हात आणि चेहरा दोन्ही दिसेल असा. तुमची कॅसेट आत घातली. तुम्ही ठोकायला लागलात. त्यांना ते आवडलं असावं, कारण ते उभे राहून बघत होते, आणि मधल्या जागेत त्यांनी सहज विचारलं की मुलं करतात का हे काम.

तुम्ही म्हणालात, ‘मुलगा नाही मला. हात बघून उचलणारं कुणी नाही घरात. म्हटलं, यात तरी राहील.’

मी तुमच्या डाव्या बाजूला उभी होते, अण्णा. हातभर अंतरावर. तुमची पिशवी माझ्या खांद्यावर होती आणि पिशवीत तुमच्या आणखी दोन हातोड्या होत्या. कुणी नाही घरात. त्या दोन हातोड्यांच्या वजनाने पिशवीचा पट्टा माझ्या खांद्यात रुतत होता आणि घरात कुणी नाही.

मी म्हटलं, ‘कॅमेऱ्यालाच शिकवा मग. तुम्ही गेलात की ह्या सगळ्या हातोड्या मी जुन्या बाजारात वजनावर विकणार आहे.’

आणि बाहेर फुटपाथवर जाऊन उभी राहिले. आतून ठोके येत होते. थोड्या वेळाने तुम्ही आलात, कॅसेट खिशात घालत. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, कसा होता याचा आवाज? तुम्ही म्हणालात, ‘ऐकला नाही.’ पहिल्या दोन्ही दुकानांत तुम्ही टीव्हीला कान लावून बसला होतात. इथे लावायलाच सांगितली नाहीत. मी विचार केला, उशीर झाला असेल. मग विचार केला, ऐकलं असेल म्हणूनच ऐकायचं नसेल. डावा कान होता. ठोका पडत होता. मी हळू म्हटलं होतं. की नव्हतं? असं घरापर्यंत. असं अकरा दिवस. तुम्ही कॅमेऱ्याचं नाव काढलं नाहीत. कॅलेंडरच्या मागे तिसऱ्या दुकानाची ओळ नाही. बाकी सगळं नेहमीसारखं होतं. माझ्या पत्रकातली विशेषणं उडवलीत. मी शंभरदा जिन्यात येऊन उभी राहिले, आणि तुमच्या ठोक्यांच्या मधल्या जागा मोजून परत वर गेले.

अकराव्या दिवशी भर दुपारी ठोका थांबला. आई वरून ‘काय हो’ म्हणाली आणि सवयीने थांबली. पुढचं बोलायला ती ठोक्याची वाट बघत होती. ती किती वेळ तशी उभी होती हे ती सांगत नाही.

आई आली. हात पुसतेय. लावते.

*

सव्वापाच झालेत. कॅमेरा परत द्यायला निघायचंय, त्याआधी लिहून टाकते, नाहीतर मी हे उद्या बदलून लिहीन. मला माहीत आहे मी कशी आहे ते.

सुरुवातीला तुमचं नाकच दिसलं, पडदाभर. तुमचा आवाज: ‘चालू आहे का हे?’ आई हसली. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा हसली आणि हसताना तिने पदर तोंडाला लावला, तुम्ही समोर असल्यासारखा. मग पहिलं दुकान. पाच ठोके, आणि मॅनेजरचे फक्त बूट. मग बुधवार. शेठ, पान. आई प्रत्येक ठोक्याला मान हलवत होती. मी तिच्याकडे बघत होते, टीव्हीकडे नाही.

मग गादी. तुम्ही समोरून, हात आणि चेहरा. चौकटीच्या कडेला माझ्या खांद्यावरची पिशवी आणि माझ्या कुडत्याचं टोक. मालकांचा प्रश्न दबलेला, कारण ठोक्यानंतर लगेच आला. तुमचं उत्तर थोडं दबलेलं, थोडं स्पष्ट. यात तरी राहील. ठण. तुमचा हात वर गेला.

आणि वरच राहिला.

आईने श्वास आत घेतला. तिला लगेच कळलं. मला क्षणभर लागला. आपल्या घरात कुणाला काही मोठं सांगायचं असलं, आत्याचे यजमान गेल्याचं कळलं तेव्हा, माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा, तुम्ही असेच थांबायचात. हातोडी खांद्यापाशी, तांब्या दुसऱ्या हातात, आणि मान बोलणाऱ्याकडे. माझं वाक्य ठोक्याखाली पडलं नव्हतं. मधल्या जागेतही पडलं नव्हतं. मी तोंड उघडलेलं तुम्हाला दिसलं आणि तुम्ही ठोका द्यायचाच थांबवलात. मान वळवलीत. कमरेपासून वळलात, इतके की उजवा कान माझ्याकडे आला. मी नीट ऐकू यावी म्हणून.

मागच्या ठोक्याने मशीनचे कान मिटले होते, त्यामुळे माझे पहिले शब्द गेले. मग आवाज वर आला. ‘जुन्या बाजारात वजनावर विकणार आहे’ हे स्वच्छ आलंय. मी समजत होते त्यापेक्षा मोठ्याने म्हटलं होतं. आणि मग शांतता, आणि ती जसजशी लांबत गेली तसतसं मशीन आणखी कान उघडत गेलं. दुकानातला पंखा ऐकू आला. बाहेरच्या रिक्षा. मग तुमचा श्वास. अण्णा, तुमचा श्वास आमच्या खोलीत भरला. आईने मला हात धरून थांबवलं, मी बंद करायला उठले होते. मग ठण.

आईने विचारलं, ‘सुरुवातीचं ऐकू आलं नाही. काय म्हणालीस?’

खोटं तयार होतं. दुसऱ्याच कुणाला म्हटलं, मालकांशी चेष्टा केली, असं काहीही चाललं असतं. मशीनने निम्मं पुसून ठेवलं होतं माझ्यासाठी. मी तिला पूर्ण वाक्य सांगितलं. न थांबता, सलग. आपल्या घरात एवढं लांब वाक्य सलग मी पहिल्यांदा बोलले असेन.

ती म्हणाली, ‘हं. सांगितलं होतं त्यांनी. त्याच दिवशी.’

मी विचारलं, काय म्हणाले?

‘ते मला म्हणाले,’ आई म्हणाली. ‘तुला सांगायचं असतं तर तुला सांगितलं असतं.’

मी हट्ट केला. रडले, हेही लिहिते. तिने काही सांगितलं नाही, आणि मला वाटतं ती कधीच सांगणार नाही. नवऱ्याबायकोतली गोष्ट आहे, म्हणाली. तुम्ही काय म्हणाला असाल याच्या माझ्या डोक्यात आता वीस तऱ्हा आहेत. काहींत तुम्ही मला शिव्या दिल्यात, काहींत नाहीत, आणि ज्यांत नाहीत त्याच मला जास्त छळतात. जुना प्रश्न गेला आणि त्याच्या जागी हा येऊन बसला. हा कुठल्याही कॅसेटवर नाही.

आई म्हणाली, परत लाव. तुझं बोलणं नको, त्यांचा हात लाव.

दुसऱ्यांदा मी टीव्हीकडेच बघितलं. यार्डातल्या बायकांना मी दर बैठकीत सांगते की समोरचा गप्प बसला की घाबरायचं नाही. तो ऐकायला थांबलाय, तेव्हाच आपली खरी मागणी सांगायची. तुम्ही गप्प बसला होतात. माझं वाक्य संपलं होतं आणि हातोडी वरच होती. माझी मागणी हातोड्या विकायची नव्हती. मला शिकायचं होतं. हे मी तेरा वर्षांत एकदा म्हटलं नाही आणि तुम्ही तेरा वर्षांत एकदा विचारलं नाहीत. अर्धी चूक तुमची आहे. ती मी माफ करणार नाही, तुम्हालाही असली माफी चालली नसती, तुम्ही पेन्सिलीने उडवली असतीत. पण उरलेली अर्धी माझी आहे आणि ती आता टीव्हीवर दिसते, कुणीही बघावी.

मला वाटत होतं की मी बोलले, तुम्ही ठोकायला लागलात आणि मग मी बाहेर गेले. तसं नाही झालेलं. वाक्य संपतं. तुमचा हात वर, कान माझ्याकडे, पंख्याचा आवाज. तुम्ही बघताय. चौकटीच्या कडेला असलेली ती पिशवी हलते, मागे सरकते, बाहेर जाते. मग कुडत्याचं टोक जातं. त्यानंतरही तुमचा हात वरच आहे, आणि तुम्ही दाराकडे बघताय.

मग ठोका पडतो.